फुलवाल्यापुढच्या दोन खुणा

मेंदूच्या लवचिकतेवरच्या परिषदेची व्यवस्था माझ्याकडे आहे. माझी व्यवस्था म्हणजे यादी; काम झालं की पुढे बरोबरची खूण. आज पाहुण्यांची नावपत्रं टेबलावर मांडता मांडता फुलवाल्याला फोन लावला.

“बारा पुष्पगुच्छ ना, ताई? सकाळपासून तिसऱ्यांदा सांगताय,” तो हसला. “लग्न तुमचंच आहे की काय?”

मीही हसले. मग यादी पाहिली. ‘फुलवाला’ या शब्दापुढे दोन खुणा होत्या, माझ्याच हातच्या. आधीचा एकही फोन मला आठवेना.

आईचं असंच सुरू झालं होतं. आमटीत मीठ घालून ती डबा ठेवायची, वळायची आणि पुन्हा डबा उघडायची. आम्ही तिची थट्टा करायचो.

आत सभागृहात एक तरुण संशोधक उद्याच्या भाषणाची तालीम करत होती. मेंदू कुठल्याही वयात नव्या वाटा पाडतो, असं ती उत्साहाने सांगत होती. मी दारात उभी राहून ऐकलं. मला फक्त आजची सकाळ परत हवी होती.

यादीच्या तळाशी मी लिहिलं, ‘डॉक्टरांची वेळ घेणे’. सवयीने मागचं पानही तपासलं. तिथे, माझ्याच अक्षरात, हेच लिहिलेलं होतं. पुढे खूण नव्हती.