सुप्रभाच्या फळीवरचा कोंबू

टोकियोच्या कोतो भागातल्या त्या इमारतीत जयंतीइतकी शिस्तीची बाई दुसरी नव्हती. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी, चहा त्यानंतर तासाभराने, कचरा वेगवेगळ्या पिशव्यांत, आणि दुसऱ्याचं कौतुक फक्त तोंडदेखलं. भूकंपानंतर माघारी गेलेली पुण्याची मंडळी हळूहळू परतली, त्यांतच ती आणि सारंग पुन्हा आले. सारंग सॉफ्टवेअरमध्ये, जयंती घरी. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आधी थायरॉइडच्या तपासणीतला टीएसएचचा आकडा खाली आणा, मग पुढचे उपचार. आकडा उतरतही होता, पण मुंगीच्या पावलांनी.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या सुप्रभाला दिवस गेले.

सुप्रभाही थायरॉइडवालीच. गोळी कधी घ्यायची, कधी विसरायची, घेतलीच तर चहा-बिस्किटांबरोबर. हिला दिवस जातात आणि आपल्याला नाही! जयंतीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तोंडाने "अय्या, अभिनंदन!" म्हणाली, आणि घरी येऊन भांडी अशी आपटली की सारंगने लॅपटॉपमधून मान वर केली.

मग रीत म्हणून डोहाळकरणीला लोणचं द्यायला गेली. तिथे स्वयंपाकघरातल्या फळीवर तिला कोंबू दिसला, म्हणजे समुद्रातलं ते जाड, काळपट शेवाळ, लाल-सोनेरी दोरीने बांधलेलं. जयंतीच्या डोक्यात प्रकाश पडला. शेवाळात आयोडीन, आणि आयोडीनवर थायरॉइड चालतं, हे भूकंपात अणुभट्टी फुटल्यापासून सगळ्यांच्याच तोंडी होतं. तरीच! एका शब्दाने बोलली नाही मेली.

विचारलं मात्र नाही. विचारायचं म्हणजे आपली गरज दाखवायची. दुसऱ्या दिवसापासून आमटीत कोंबू, भातात कोंबू, वर भिजवलेल्या कोंबूचं पाणी.

"अगं, आमटीला खाडीचा वास येतोय," सारंग म्हणाला.

"गिळ मुकाट्याने."

सुप्रभाचं पोट दिसायला लागलं तसतसा जयंतीच्या पातेल्यातला तुकडा मोठा होत गेला.

पुढच्या तपासणीत आकडा दुपटीहून वर गेला. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि एवढंच विचारलं, "कोंबू?" तिने मान खाली घातली. आयोडीन लागतं, पण थोडं, त्यांनी समजावलं. अति झालं की या ग्रंथीचं काम मंदावतं. कोंबू बंद, गोळी चालू, आणि मुलासाठीचे उपचार आणखी पुढे.

स्टेशनवरून ती तडक सुप्रभाकडे गेली. दारातच फटकन म्हणाली, "तू खाल्लास तर तुला दिवस गेले, मी खाल्ला तर माझं हे झालं. कसा खाल्लास, किती खाल्लास, आता तरी सांग!"

"काय खाल्लं मी?"

जयंतीने फळीकडे बोट केलं.

"तो? अगं, तो कोण खाणार! मला वासानेच मळमळतं. दिवस गेलेत कळल्यावर शेजारच्या मोरिता आजींनी आणून दिला. शुभ असतो म्हणे. इकडे लग्न ठरलं की देतात, 'मूल होणारी बाई' अशा अर्थाच्या अक्षरांत त्याचं नाव लिहून. आपल्याकडे ओटी भरतात ना, तसंच."

जयंतीने हातातल्या रिपोर्टचा बोळा केला. सुप्रभाने घाबरून तिच्या पाठीवरून हात फिरवला, तर तिला तो हातही सोसवेना.

"मोरिता आजी मलाही रोज लिफ्टमध्ये भेटतात," ती म्हणाली. "मला नाही दिला."