बकेटला दात बसवले तेव्हा

माझे आई-वडील पुण्यात माती खणायला जायचे. लोणी काळभोरहून पहाटेची बस धरायची, स्वारगेटला उतरायचं आणि तिथून जिथे काम असेल तिथे. अप्पा टिकावाने फोडायचे, आई घमेल्याने वाहायची. कर्वेनगरातल्या निदान चार-पाच इमारतींचे पाये त्या दोघांनी खणलेत, आणि त्यांतल्या एकाही इमारतीच्या आत ते कधी गेलेले नाहीत. आमची पत्र्याची एक खोली होती. शाळेला सुट्टी असली की मला सोबत न्यायचे आणि मातीच्या ढिगाऱ्यापासून लांब, सावलीत पुस्तक देऊन बसवायचे. आजूबाजूला कुणी विचारलं, तर आई सांगायची, "ती अभ्यास करती." मी बहुतेक वेळा मुंग्या बघत असायचे.

मी बी.एस्सी. झाले, फिजिक्स घेऊन. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मुद्दाम सांगते, न विचारताही सांगते. आज कर्वेनगरातच एका क्लासमध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवते.

मी शेवटच्या वर्षाला असताना अप्पांनी गावातल्या एका शेतकऱ्याकडून जुना ट्रॅक्टर घेतला. त्याला पुढे लोडर होता, म्हणजे दोन लोखंडी हात आणि त्यांच्या टोकाला रुंद बकेट. मला वाटलं, संपलं आता खणणं. झालं असं की अप्पा सीटवर बसले आणि टिकाव आईकडे आला.

कारण साधं होतं. बकेटची खालची धार सरळ, सुरीच्या पात्यासारखी. मोकळी माती, वाळू, खत ती झटक्यात उचलायची. पण पुण्याच्या उन्हाळ्यातला कडक मुरूम म्हणजे दगडाचा धाकटा भाऊ. त्यावर धार नुसती घसरायची आणि ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली जायची. मग आई पुढे होऊन टिकावाने मुरूम फोडायची, बाजूला व्हायची, अप्पा तो भरायचे. पुन्हा आई पुढे. असं दिवसभर. रात्री ती मनगटाला फडकं गुंडाळायची आणि भाकरी थापताना मधेच हात बदलायची.

मे महिन्यात कर्वेनगरच्या एका सोसायटीत काम लागलं. मागच्या बाजूचा मुरूम काढून तिथे बाग करायची होती. माझा क्लास जवळच, म्हणून दुपारी मी डबा घेऊन गेले. सोसायटीचे सेक्रेटरी, निवृत्त गृहस्थ, छत्री धरून उभे होते. मी कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"मशीनने काम होईल असं आम्हाला सांगितलं होतं," ते मला म्हणाले. "मशीन सावलीत उभं आहे आणि बाई उन्हात खणतायत. ही पद्धत नवीन दिसते."

"मी त्यांची मुलगी," मी म्हणाले.

"मग आपण तरी सांगा त्यांना."

मला त्यांचा राग आला. राग यायचं कारण म्हणजे ते बरोबर बोलत होते. थोड्या वेळाने त्यांनी वॉचमनकडून आईसाठी खुर्ची पाठवली. आईने ती पुसली, तिच्यावर डबा ठेवला आणि स्वतः खाली बसून जेवली.

त्या संध्याकाळी घरी मी विषय काढला. मोठ्या खोदाईच्या मशीनला दात असतात, तसे आपल्या बकेटला का नकोत? दाबाचं गणित सांगितलं. जोर तेवढाच, पण तो सगळ्या धारेवर पसरण्याऐवजी मोजक्या टोकांवर आला की जमिनीत घुसतो. वर्गात हे मी खूप छान शिकवते. अप्पांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे टिकावाचं टोक. मला म्हाईत न्हाई व्हय?"

त्यांची अडचण वेगळीच होती. सोसायट्यांमधलं निम्मं काम सपाटीचं आणि फरशीवरून वाळू उचलायचं. दात वेल्डिंग करून बसवले की फरशी खरवडणार आणि लोक पुन्हा बोलावणार नाहीत. हे मला सुचलं नव्हतं. पण मी मोबाइलवर एक जोडणी पाहिली होती. दात असलेली एक जाड पट्टी बकेटच्या तोंडात, धारेवर बसवायची आणि दोन्ही गालांना, म्हणजे बाजूच्या पत्र्यांना, बोल्टने आवळायची. काम झालं की पाना घेऊन काढून ठेवायची. अप्पांनी तो व्हिडिओ तीनदा बघितला.

आई भांडी घासत होती. तिकडूनच म्हणाली, "आन मग मी काय करू? घरी बसू?"

अप्पा माझ्याकडे बघायला लागले. तिचा हात दुखायचा थांबेल एवढंच मी धरून चालले होते. त्या टिकावामुळे ती कामावर बरोबरीची होती, याचा विचार मी केला नव्हता.

तरी पट्टी करायची ठरली. बकेटचं माप मी घेतलं. टेप लावून, मिलिमीटरपर्यंत, कागदावर आकृती काढून. सोलापूर रस्त्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्याने आकृती उलटीसुलटी करून बघितली आणि वेल्डिंगच मारू, पक्कं काम होईल, असा हट्ट धरला. मी बोल्टवर अडून राहिले. शेवटी तो म्हणाला, "ताई, तुम्ही शिकलेल्या. करतो तुमच्या मापानं."

रविवारी पट्टी तयार झाली आणि ट्रॅक्टर घेऊन आम्ही तिघं त्याच्या वर्कशॉपवर गेलो. सहा दात, दोन्ही टोकांना भोकं पाडलेले जाड तुकडे. अप्पांनी बकेट लाकडी ठोकळ्यांवर टेकवली, मी धारेवरचा वाळलेला चिखल खरवडून काढला आणि दोघांनी मिळून पट्टी उचलून लावली. उजवी बाजू बसली. डावी बसेना. बोटभर पट्टी जास्त लांब होती.

मी पुन्हा टेप लावला आणि माझ्या कानशिलांत गरम झालं. मी माप बकेटच्या वरच्या अंगाला घेतलं होतं, कारण खाली चिखल होता आणि मला हात भरवून घ्यायचे नव्हते. वर माप बरोबर होतं. खाली, जिथे पट्टी बसायची, तिथे बकेट अरुंद होती.

फॅब्रिकेशनवाल्याने कागद काढला. "माप कुणी दिलं हे?"

"मी दिलं," अप्पा म्हणाले. अप्पांना मिलिमीटर वाचता येत नाहीत, आणि हे त्या माणसालाही ठाऊक होतं. त्याने कागद घडी करून खिशात टाकला.

मग पट्टीचं टोक कापून टाकू, असं तो म्हणायला लागला. कापलं असतं तर भोकांचा तुकडाच गेला असता आणि बोल्ट कुठे मारायचा हा प्रश्न उरला असता. मी सांगत होते, तो ऐकत नव्हता. आई इतका वेळ चाकाशेजारी बसलेली. ती उठली आणि बकेटच्या डाव्या गालावर हात ठेवला.

"ह्यो गाल आत गेलाय," ती म्हणाली. "मागल्या साली खाणीच्या दगडाला धडकला, तवापास्नं."

"मग सांगायचं न्हाईस?" अप्पा म्हणाले.

"मला इचारलं कुणी? तुमी वर बसता, तुमाला तिची पाठ दिसती. तोंड मला दिसतंय रोज."

खरं होतं. दोन वर्षं ती त्या बकेटसमोर उभी होती. कुठे पोचा आहे, कुठली बाजू झिजली आहे, सगळं तिला पाठ. मी माप घ्यायला टेप घेऊन आले, तेव्हा तिला काही न विचारता तिच्याशेजारूनच बकेटकडे गेले होते.

पुढचं तिनेच सांगितलं. गाडी उचलायचा जॅक आडवा करून दोन गालांच्या मधे धरायचा, दोन्हीकडे लाकूड द्यायचं. अप्पांनी दांडा मारायला सुरुवात केली. आधी काहीच हललं नाही. मग रंगाचा पापुद्रा तडकून खाली पडला आणि गाल केसाकेसाने बाहेर सरकायला लागला. पत्रा परत आत येतो म्हणून थोडा जास्तच रेटा, असं मी सुचवलं. आई म्हणाली, "हां, ते बरोबर." मला पदवी मिळाली तेव्हाही एवढं बरं वाटलं नव्हतं.

जॅक काढला, पट्टी लावली, हातोडीचे दोन ठोके, आणि ती बसली. भोकांच्या जागा खडूने गालांवर घेतल्या. आधी बारीक, मग मोठं भोक पाडलं. ड्रिल तापू नये म्हणून आई वरून तेलाचे थेंब सोडत होती. दोन्ही बाजूंना दोन-दोन बोल्ट. आवळायचं काम अप्पांनी कुणाला दिलं नाही.

सोमवारी मी क्लासला सुट्टी टाकली आणि कर्वेनगरला गेले. आईने टिकाव आणला होताच. अप्पांनी बकेट खाली घेतली आणि ट्रॅक्टर पुढे घातला. दात मुरमावरून किरकिरत घसरले. आईने टिकाव भिंतीला टेकवला, पुढे आली आणि पंजा खाली वाकवून दाखवला. म्हणजे बकेटचं नाक खाली कर. अप्पांनी बकेट जराशी झुकवली. ट्रॅक्टर थरथरला, दात रुतले आणि अंथरुणाएवढी मुरमाची ढेप उचलून आली.

सेक्रेटरी गॅलरीत होते. "आता मशीनचं काम म्हणायला हरकत नाही," वरूनच म्हणाले आणि आत गेले.

दुपारपर्यंत आई बकेटच्या कडेकडेने चालत होती. आधीच्या आठवड्यात खणताना तिला पाण्याचा पाइप लागला होता. तो कुठून कुठे जातो हे तिलाच माहीत. बकेट तिथे आली की आई हात वर करायची आणि अप्पा थांबायचे. एकदा अप्पांना थांबायला उशीर झाला, तर तिने सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल असं त्यांना झापलं. जेवताना मी विचारलं, हात कसा आहे? म्हणाली, "हलका वाटतोय. कसंतरीच होतंय." मग भाकरीचा तुकडा मोडत, "व्हईल सवय."

तिला सवय व्हायला महिनाभर लागला. मधेच टिकाव उचलायची, अप्पा ओरडले की ठेवायची. आता कामावर कुठे खणायचं आणि कुठे नाही हे ती ठरवते आणि अप्पा तिच्या हाताकडे बघून बकेट चालवतात. मनगटाचं फडकं सुटलं. आई मुरूम फोडत नाही.