भिंतीपलीकडचा व्यंकटेश आणि माझा बत्ता

आमच्या गल्लीत व्यंकटेशचे किस्से मागाखालच्या कापसासारखे साठलेत. झाडून काढले की दुसऱ्या दिवशी परत तेवढेच! आता तो मोठा गिटारवाला झालाय, मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्याचं नाव घेतलेल्या त्याच्या ‘धोटा’ बँडची तिकिटं दोन दिवसांत संपतात, म्हणून जो तो एकेक किस्सा सांगत सुटलाय. माझ्याकडे सगळ्यात जास्त आहेत. त्यांची मागाची शेड आणि माझं स्वयंपाकघर यांची भिंत एकच आहे ना! पण मी माझे किस्से चारचौघांत सांगत नाही. का, ते ऐका.

*

मागच्या वर्षी एक चॅनेलवाली पोरगी माईक घेऊन आली. म्हणाली, “काकू, तुम्ही त्यांना लहानपणापासून बघितलंय. काय वाटायचं?”

मी पदर सारखा केला. “अगं, आम्हाला पहिल्यापासूनच माहीत होतं! पोराच्या बोटांत कला होती!”

शेजारी व्यंकटेशची आई, पद्माक्का, उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि घरात जाऊन माझ्यासाठी पाणी घेऊन आली.

*

त्याने पहिली जुनी गिटार आणली तेव्हा मी त्याच्या वडिलांना दारातच गाठलं. नरसय्याअण्णांनी तीस वर्षं मागावर टॉवेल विणले. मी म्हटलं, “अण्णा, हे वाजवून बँकेत नोकरी लागते का?”

अण्णा हसले. “मागाच्या खडखडाटात माझे कान कवाच गेले, वहिनी. त्याचं वाजवणं मला काय ऐकूच येत न्हाय. पन बघायला लई चांगलं वाटतं की!”

*

पुढे अण्णांनी माग विकले आणि रिकाम्या शेडमध्ये व्यंकटेशसकट ही चार पोरं घुसली. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना सोलापुरी चादरी टांगल्या. डागी, रंग चुकलेल्या. मी कढीपत्ता मागायच्या निमित्ताने जाऊन डोकावले, तर मधोमध माझी चादर! माझ्या सुमीच्या लग्नात पद्माक्काला मानाने दिलेली!

ड्रमवाला समीर म्हणाला, “काकू, अंदर आओ ना! तुमची चादर सबसे भारी है, इसीलिए ड्रम के पीछे लगाया!”

दोन दिवस मी पद्माक्काशी बोलले नाही.

*

हा किस्सा सांगताना माझी मान खाली जाते. व्यंकटेशला बघायला भिवंडीचे पाहुणे आले होते. आपल्याकडे रीत आहे, मुलाच्या घरी जायच्या आधी शेजारी चौकशी करायची. ते आधी माझ्या दारात आले. मी चहा ठेवला.

“मुलगा कसा आहे?”

“सरळ आहे हो. केस खांद्यापर्यंत आहेत, तेवढं सोडा.”

“आणि काम?”

“काम ना, रोज संध्याकाळी सहाला सुरू होतं. भिंत हलते आमची!”

पाहुण्यांनी चहा संपवला आणि तिथूनच स्टेशनची रिक्षा पकडली.

तासाभराने पद्माक्का झाकलेलं पातेलं घेऊन आली. “पाव्हनं आलेच न्हायत, वहिनी. पोहे गार व्हायलेत. तुमी तरी खावा.”

मी दोन बशा खाल्ल्या.

*

सहाला माझी सीरियल लागायची, त्याच वेळी त्यांची प्रॅक्टिस. मग मी खलबत्त्यातला बत्ता घेऊन भिंत बडवायची. ठक, ठक, ठक. जरा थांबून एक जोरात, ठक! तिसरा ठोका लंगडा पडायचा, कारण तिथे मी हात बदलायची. कुणी विचारलं तर, “शेंगाचटणी कुटतेय!”

ते लगेच थांबायचे. एकदा मात्र थांबेनात. उलट माझ्या ठोक्यावरच वाजवायला लागले. मला आणखी चेव चढला, चांगली पाच मिनिटं बडवलं! त्या दिवशी ते मोबाईलवर रेकॉर्डिंग करत होते.

तेच त्यांचं गाजलेलं गाणं. आता वरातीत वाजतं, गणपतीत वाजतं, माझ्या नातवाच्या मोबाईलची रिंगसुद्धा तीच. सुरुवातीला ठक, ठक, लंगडा ठक... ठक! टीव्हीवर त्याला विचारलं, हे कुठलं वाद्य? तर म्हणतो, “सोलापूरचं हाय. एकाच बाईला वाजवता येतं.”

आमचे हे माझ्याकडे बघून हसले. मी चॅनेल बदललं.

*

पण बत्त्याने भागलं नाही. पुण्याच्या स्पर्धेला आठ दिवस राहिले असताना मी चौकीत अर्ज टाकला. खाली सही केली, ‘एक त्रस्त रहिवासी’. हवालदार आले, शेडला कुलूप लागलं. पोरं स्पर्धा हरली ती हरलीच, आणि पुण्यातच राहिली. अण्णा गेले तेव्हा व्यंकटेश दुपारी पोचला. सकाळी पोचायला हवा होता.

पद्माक्काने डोक्यात घेतलं, अर्ज समोरच्या शिंदे टेलरने केला. सात वर्षं त्याच्याशी बोलली नाही. ब्लाउज शिवायला पार दुसऱ्या पेठेत जायची. शिंदे एकदा मलाच विचारतो, “वैनी, तुमी त्यांच्या जवळच्या. माझं काय चुकलं वो?”

मी म्हटलं, “जाऊ द्या हो भावजी. तिचा स्वभावच तसा आहे.”

*

आणि आता हा गेल्या महिन्यातला. सोलापुरात धोटाचा शो होता. दुपारी व्यंकटेश आईला घेऊन माझ्या घरी आला. पाया पडला. म्हणाला, “काकू, आज स्टेजवर बत्ता तुमी वाजवायचा. स्टुडिओत लई करून बगितलं, तसा आवाज येत न्हाय.”

“मी नाही येणार.”

“का वो?”

मी कपबशी खाली ठेवली. मी पद्माक्काकडे बघितलं. “तो अर्ज शिंद्यांनी नाही केला. मी केला होता. भिवंडीच्या पाहुण्यांनाही मीच परत पाठवलं.”

पद्माक्का उठली, चप्पल न घालताच बाहेर पडली. खिडकीतून दिसलं, रस्ता ओलांडून ती शिंद्यांच्या दुकानात शिरली. काय बोलली, ते ऐकायला मी दारात गेले नाही. जन्मात पहिल्यांदा!

व्यंकटेशने चहा संपवला, कप स्वतः मोरीत ठेवला आणि पाच वाजता पोरांबरोबर ग्राउंडवर गेला.

सहा वाजले. मी टीव्ही लावला नाही. शेडला तर सात वर्षं कुलूप. किल्ली पद्माक्काकडे, आणि ती घरात एकटी.

आणि भिंतीतून आवाज आला. ठक. ठक. तिसरा लंगडा.

मी चौथ्याची वाट बघत उभी राहिले. तो काही येईना.

मग मी खलबत्त्यातून बत्ता उचलला.