उजव्या बाकावरचा संसार

मिस्त्रींना बंदरावरचे लोक पाठीमागे ‘ओळंबा’, म्हणजे चौकट सरळ आहे का ते पाहायचे दोरीला टांगलेले वजन, म्हणत, आणि हे मिस्त्रींना ठाऊक होते. दारे-खिडक्या बसवण्यात त्यांचा जन्म गेला होता. कोणाच्याही घरी पाऊल टाकले की यजमानांची विचारपूस होण्याआधी त्यांची नजर चौकटीवर जाई. मुलीच्या सासरी पहिल्यांदा जाऊन आले तेव्हा बायकोने उत्सुकतेने विचारले होते, “कशी आहेत माणसं?” त्यावर ते म्हणाले होते, “माणसं सरळ आहेत. स्वयंपाकघराचं दार मात्र खाली उतरलंय.” पुढच्या खेपेस ते हत्यारांची पेटी घेऊनच गेले आणि विहिणीच्या मर्जीतून कायमचे उतरायचे थोडक्यात वाचले.

अशा नाकासमोर चालणाऱ्या माणसाची नाव वाकडी चालू लागली, ही गोष्ट म्हणून सगळ्यांनाच लागली.

नाव लहानशी होती, एका शिडाची. जुना सांगाडा घेऊन मिस्त्रींनी तिच्यावर स्वतःच्या हाताने फळ्या चढवल्या होत्या, मागे समोरासमोर दोन बाक आणि पुढे एक बुटकी खोली केली होती. उघड्या पाण्यावर ती वाऱ्याने जाई. पण बंदरातून बाहेर पडायची वाट दोन दगडी भिंतींच्या मधून होती. तिथे वारा पडत असल्याने इंजिन लावावे लागे. बाकांच्या मधोमध सुकाणूचा लाकडी दांडा. मिस्त्री आयुष्यभर डाव्या बाकावर बसले, कारण तिथून दांडा उजव्या हाताशी येतो. समोरच्या बाकावर बायको. तिने तिथून दांड्याला कधी हात लावला नाही आणि सूचना देणे कधी थांबवले नाही.

मग आजारपण आले. मिस्त्रींची उजवी बाजू एका सकाळी गेली. वाचा परतली, पाय परतला, हात मात्र अर्ध्या वाटेवर थांबला; कप धरता येई, पण तो तोंडापर्यंत नेणे त्या हाताच्या मर्जीवर असे. दवाखान्यात उशाशी बसलेल्या मुलीला मिस्त्रींनी आपणहून शब्द दिला होता, “ज्या दिवशी नाव सरळ नेता येणार नाही, त्या दिवशी इंजिनाची चावी तुझ्या हातात देईन. तू मागायचीही गरज नाही.”

आता ते उजव्या बाकावर बसत. तिथून दांडा डाव्या, धडधाकट हाताशी येई. आणि आजारपणानंतर पहिल्याच दिवशी, इंजिनावर भिंतींच्या मधून जाताना नाव डावीकडे ओढू लागली. थोडी नव्हे, चांगलीच. डाव्या भिंतीवरचे शेवाळ अंगावर येईपर्यंत ओढली. आजारपणासाठी माहेरी येऊन राहिलेल्या मुलीने भिंतीवरून हे पाहिले.

“बाबा, दांडा स्वतःकडे ओढला की नाव उलटीकडे वळते. हे तुम्हीच मला शिकवलंत,” संध्याकाळी ती म्हणाली. “नवा हात आहे. ओढतोय.”

“हात ओढत नाही. नाव ओढते.”

“नाचता येईना, अंगण वाकडं,” आतून बायकोचा आवाज आला. पण त्यात नेहमीची धार नव्हती. मिस्त्रींना ते टोमण्यापेक्षाही जास्त बोचले. बायकोने टोमणा जपून मारावा, इतके आपण नाजूक झालो?

मुलीने चावी मागितली नाही. शब्दच तसा होता. ती नुसती थांबली होती, आणि तिचे ते थांबणे घरात जेवताखाता दिसत होते.

मिस्त्रींनी इंजिनवाल्याला गाठले. खांद्यावर कायम तेलकट फडके, म्हणून तो ‘फडक्या’. ओहोटीला नाव भिंतीला टेकवून दोघांनी तिच्या पोटाखाली डोके घातले. नाव ढकलणाऱ्या, पाण्याखालच्या पंख्यात दोर अडकलेला नव्हता. पाती शाबूत होती. सुकाणू वाकलेले नव्हते. दांडा मधोमध धरला की तेही बरोबर मधोमध येत होते. एका अंगाला शेवाळ जास्त, असेही नव्हते.

“नाव ठणठणीत आहे, मिस्त्री,” फडक्या दुसरीकडे पाहत म्हणाला. चांगली बातमी इतक्या वाईट तोंडाने कोणी सांगितली नसेल. “पंख्याची खोड आहे म्हणा. तो एकाच अंगाने फिरतो, म्हणून नावेचं तोंड जरासं डावीकडे जातं. पण ती खोड जन्मापासूनची. इतकी वर्षं कधी तक्रार केली नाहीत ती?”

“इतकी वर्षं जाणवलीच नाही.”

बोलून गेल्यावर मिस्त्री स्वतःच्याच वाक्यापाशी थबकले. खोड जुनी असेल, तर इतकी वर्षे ती होती कुठे?

दुसऱ्या दिवशी पाणी काचेसारखे होते. मुलगी भिंतीवर येऊन उभी राहिली. “आज शेवटचं बघू या, बाबा,” एवढेच म्हणाली. मिस्त्री उजव्या बाकावर बसले, आणि बायको त्यांच्या शेजारी, त्यांच्या सदऱ्याचे टोक मुठीत धरून. आजारपणानंतर ती अशीच बसे.

बाहेरच्या मोकळ्या पाण्यात आल्यावर मिस्त्रींनी सुतळी काढली.

“आता काय पतंग उडवणार आहात?”

“दांडा बांध. बरोब्बर मध्यावर. माझ्या हाताची साक्ष नको.”

बायकोने दोन्ही बाजूंनी सुतळी ताणून दांडा बांधला. मिस्त्रींनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. अपराध्यासारखे, सर्वांना दिसतील असे. इंजिन चालू होते. नावेचे तोंड हळूहळू, पण निश्चितपणे, डावीकडे वळू लागले.

“अहो!” बायको म्हणाली. “हात नाही हो!”

“हात नाही,” मिस्त्री म्हणाले. मग त्यांनी पंखा इंजिनापासून सोडवला. नाव आधीच्या वेगाने नुसती घरंगळत राहिली. ओढ कमी झाली. गेली मात्र नाही. “आणि नुसता पंखाही नाही. पेटीतला ओळंबा काढ. खोलीच्या दाराच्या चौकटीला लाव.”

चौकट त्यांनीच बसवलेली होती. तिच्या उंबऱ्यावर मध्याची खूण अजून होती. बायको ओळंबा टांगून परत शेजारी येऊन बसली, सदरा मुठीत. पितळी वजन झुलले, मंदावले आणि थांबले ते खुणेच्या चांगले उजवीकडे.

मिस्त्रींनी वजनाकडे पाहिले, मग बाकाखाली पाहिले. पाण्याचे कॅन उजव्या बाकाखाली.

“हे इथं कोणी आणले?”

“मी. तुम्हाला तहान लागली तर पलीकडे वाकायला नको.”

“बॅटरी?”

“फडक्या भाऊजींनी सरकवली. तुमच्या डाव्या हाताशी यावी म्हणून.”

“आणि हत्यारांची पेटी?”

“लेकीनं. मला म्हणाली, बाबांना सांगू नकोस, रागावतील.”

मिस्त्री हसू लागले. तीस-पस्तीस वर्षे डाव्या बाकावर त्यांचे वजन होते, त्यांची पेटी होती, बॅटरी होती. नाव तेवढी डावीकडे कलत होती, आणि डावीकडे कललेली नाव उजवीकडे वळू पाहते. पंख्याची डावी खोड त्या भाराने झाकली गेली होती. संसारात एकाचा हट्ट दुसऱ्याच्या हट्टाने झाकला जातो तशी. आता सगळा जिव्हाळा एकाच बाकावर येऊन बसला होता, आणि भार व खोड दोघे मिळून नावेला डावीकडे नेत होते.

“हसता काय? मी इथं धास्तीनं मरतेय.”

“समोर जाऊन बस.”

ती हलली नाही. “आणि तुमचा तोल गेला तर?”

“तू इथं बसलीस म्हणून नावेचा गेलाय.”

“नावेचं सोडा. त्या सकाळी मी पलीकडच्या खोलीत होते.” ती इतकेच म्हणाली. सदऱ्यावरची मूठ आणखी घट्ट झाली.

मिस्त्रींनी उजवा, अर्ध्या वाटेवरचा हात उचलला. तो हळूहळू वर आला आणि तिच्या मुठीवर टेकला. “समोरून मी तुला पुरता दिसतो,” ते म्हणाले. “शेजारून नुसता सदरा दिसतो.”

मूठ सुटली. तिने आधी पेटी पलीकडे नेली, मग कॅन फरफटत नेले; बॅटरीची वायर तेवढी पुरली नाही म्हणून तिला शिव्या घातल्या. मग ती डाव्या बाकावर, मिस्त्रींच्या जुन्या जागी बसली. लाकूड तिथे झिजून खोलगट झाले होते. ती त्यात थोडी रुतली. ओळंब्याचे वजन हलत हलत उंबऱ्यावरच्या खुणेजवळ आले. मिस्त्रींनी सुतळी सोडली, इंजिन जोडले आणि नावेचे तोंड बंदराकडे वळवले.

“जरा उजवीकडे घ्या,” समोरून लगेच सूचना आली. “ती पिवळी होडी दिसते ना? नाही, एवढं नाही!”

भिंतींच्या मधून नाव आली ती रेघ ओढल्यासारखी. जी काय उरलीसुरली ओढ होती ती डाव्या हाताच्या दोन बोटांत मावत होती. मुलगी पायऱ्या उतरून पाण्याच्या कडेला आली होती. तिने हात पुढे केला. तो चावीसाठी होता की आणखी कशासाठी, हे तिला स्वतःला तरी ठाऊक होते की नाही कोण जाणे.

मिस्त्रींनी त्या हातात नाव बांधायचा दोर दिला.

“माझी पेटी पुन्हा हलवायची असेल,” ते म्हणाले, “तर आधी विचारत जा.”

मुलीने आईकडे पाहिले. आई डाव्या बाकावर ऐसपैस बसून, आपण त्या गावच्याच नव्हेत अशा चेहऱ्याने, दूर कुठेतरी पाहत होती. मुलीने दोर कड्यात ओवला, आणि गाठ नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ घट्ट करत राहिली.