आडवी रेघ

दादाचा स्वभावच संशयी. चहा जरा गोड झाला की "आज काय मागायचंय?" असं बायकोला विचारणारा माणूस. ती म्हणायची, "तुम्ही घड्याळालासुद्धा विचाराल, खरंच एवढे वाजले का?" चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत तो आणि त्याचा धाकटा भाऊ लोकांना वेबसाइट करून द्यायचे. धाकट्याचं डोकं कामात, दादाचं डोकं कोण काय करतंय यात. तरी दोघांचं छान जमायचं.

मग धाकट्याने मोठ्या कंपनीत नोकरी धरली आणि दादाच्या मनात पाल चुकचुकली. हा आपली गिऱ्हाइकं तर पळवणार नाही? धाकटा बिचारा जाताना म्हणाला होता, "काही अडलं तर फोन कर, मी आहेच." त्या 'आहेच'चाही दादाने वाकडाच अर्थ लावला.

अडायचं ते लवकरच अडलं. नवा कॉम्प्युटर आला, सगळं पुन्हा बसवायचं होतं. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या वेबसाइटवर पेशंटच्या वेळा डेटाबेसमध्ये असत, आणि त्या डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी, म्हणजे आयता लिहिलेला प्रोग्राम, काही केल्या बसेना. शेवटी नाक मुठीत धरून त्याने धाकट्याला फोन केला. तो नेमका मीटिंगमध्ये. दबक्या आवाजात त्याने दुसऱ्या एका लायब्ररीचं नाव सांगितलं आणि म्हणाला, "दोन शब्द, मध्ये आडवी रेघ. ठेवतो."

दादाने तसं टाइप केलं. लायब्ररी निमूट बसली. वेबसाइट चालू केली, तर पडद्यावर तांबड्या अक्षरांत उत्तर: लायब्ररी सापडत नाही. काढून पुन्हा बसवली. मशीन बंद करून चालू केलं. तेच! आत्ता बसवलेली वस्तू सापडत नाही म्हणजे काय? नक्की कुठेतरी पाणी मुरत होतं. पठ्ठ्याने बरोब्बर असं नाव सांगितलं की बसेल, पण चालणार नाही. दादाचं डोकं फिरलं. सगळ्या वेबसाइट ज्या सर्व्हरवर होत्या, तिथला धाकट्याचा पासवर्ड त्याने तिथल्या तिथे बदलून टाकला. मग कुठे त्याला जरा बरं वाटलं.

संध्याकाळी धाकटा ऑफिसातून थेट जिना चढून आला. "फोनवर तुझा आवाज बरा वाटला नाही. म्हटलं, येऊनच जावं."

पडद्याकडे बघितलं आणि तो हसतच सुटला. "अरे दादा, ही खालची रेघ, अंडरस्कोर! मी मधली, हायफन म्हणत होतो. ही कोणीतरी अर्धवट सोडलेली भलतीच लायब्ररी आहे."

आडव्या तर दोन्ही असतात. त्याने मधली टाकली आणि वेबसाइट उघडली. दादाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आलोच आहे तर सर्व्हरवरही नजर टाकतो," धाकटा म्हणाला.

पासवर्ड चुकला. "माझंच काहीतरी चुकलं," म्हणत धाकट्याने एकेक अक्षर बघून पुन्हा टाकला. पुन्हा चुकला. "अरेच्चा, बोटंच विसरली वाटतं."

"मी बदललाय," दादा म्हणाला. "दुपारी."

धाकट्याने पडद्यावरची ती खिडकी बंद केली. का, म्हणून त्याने विचारलं नाही. त्याने भांडावं, चार शिव्या घालाव्यात, असं दादाला फार वाटलं. धाकट्याने बॅग खांद्याला अडकवली आणि दारात थांबून म्हणाला, "आईला यातलं काही सांगू नकोस."