बकुळीचा डबा

कुंडीतलं झाड दिसलं की आमचे शेजारी काका आधी कुंडीवर टिचकी मारायचे आणि डोळे मिटून ऐकत राहायचे. काय ऐकू यायचं देव जाणे. मग म्हणायचे, "घाई नाय, बाई."

जन्मभर रोपवाटिकेत राबलेला माणूस. असा एखादा तुम्हीही पाहिला असेल, माणसांशी कमी आणि झाडांशी जास्त बोलणारा. मी शिक्षिका, दर काही वर्षांनी बदली, घर भाड्याचं. आईनं शेवटच्या आजारपणात रुजवलेली बकुळ तेलाच्या डब्यात माझ्याबरोबर गावोगाव फिरली. कापडे गावात स्वतःचं घर झालं, अंगण आलं, आणि मी ज्येष्ठातच कुदळ घेऊन उभी राहिले.

"आषाढ जाऊ दे," काका म्हणाले. "पाण्यात मुळं कुजतील. लावणी उरकली, श्रावणात उघडीप मिळाली, की बघू."

मुख्याध्यापकांचं मी कधी ऐकलं नाही, पण काकांचं ऐकलं. झाड जिथं लावायचं नेमकं तिथंच त्यांनी डबा ठेवला. "जागेची वळख होऊ दे." सकाळी धुकं अंगणात उतरायचं, डबा दिसेनासा व्हायचा, आणि मला वाटायचं, आईच तिथं बसलीय. हाक मारावीशी वाटायची.

श्रावणातल्या एका ढगाळ संध्याकाळी त्यांनी डब्याचा पत्रा कापला. मुळं गोल गोल फिरून डब्याच्याच आकाराची झाली होती.

"उशीर झाला," ते हळूच म्हणाले. "कोवळं असतं तर रुसलं नसतं." आणि कोयत्यानं बाहेरची मुळं उभी चिरली. मी चक्क ओरडले. मुळांची जुनी माती झटकायला गेले, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. नव्या जागेत तेवढंच वळखीचं."

आठ दिवसांत बकुळीनं सगळी पानं टाकली. मी रडकुंडीला आले. ते रोज कुंपणाशी येऊन सांगत, "पानं टाकते म्हंजे खाली मूळ धरते." दिवाळी आली तरी नुसत्या काड्याच होत्या.

दिवाळीला त्यांचा मुलगा आला आणि त्यांना मुंबईला घेऊन गेला. काकी गेल्यापासून ते एकटेच होते. मुलाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण एवढं जुनं झाड हलवताना महिना कुणी पाहिला नाही. निघताना त्यांनी बकुळीचा कापलेला डबा तारेनं आवळला आणि त्यात आपल्या अंगणातली माती भरून घेतली. मुलगा हसला. मला हसू आलं नाही.

शिमग्याच्या सुमारास बकुळीला तांबूस पालवी फुटली. मी लगेच फोन लावला.

"काका, बकुळ जगली!"

"बोललो नव्हतो?"

"आणि तुम्ही कसे आहात?"

पलीकडून पत्र्यावर टिचकी मारल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "मी अजून पानं टाकतोय, बाई. घाई नाय."

पुढच्या श्रावणात मुलगा एकटाच आला. हातात तोच डबा होता. आतली माती आम्ही बकुळीच्या बुंध्याशी ओतली. तो गेल्यावर मी रिकाम्या डब्यावर टिचकी मारली आणि डोळे मिटून ऐकत राहिले.