बंद फाउंड्रीतली पंधरा मिनिटं

मी मुलुंडच्या एका शाळेत केमिस्ट्री शिकवते. भुताखेतांचे किस्से निघाले की "काहीही काय गं!" म्हणून उठून जाणारी मी. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच विचित्र वाटतंय... पण मनात ठेवून आणखी त्रास होतोय.

माझे वडील, अण्णा, मूळचे मालवणकडचे. वय शहात्तर. मुलुंड पश्चिमेच्या एका फाउंड्रीत त्यांनी आयुष्यभर साच्यांत वितळलेलं लोखंड ओतलं. कंपनी बंद पडून वीसेक वर्षं झाली. आता तिथे टॉवर होणार, म्हणून पाडण्याआधी लोकांना ती जागा दाखवायला एका ग्रुपने हेरिटेज वॉक ठेवला होता. जानेवारीतला रविवार, सकाळचे साडेदहा. अण्णांना घेऊन मीही गेले; एकूण आम्ही बाराजण.

मोठ्या शेडमध्ये निकिता नावाची आमची गाईड भट्टीबद्दल सांगत होती. भट्टी गंजलेली, तिच्या पोटात कबुतरांची घरटी. मी दोन फोटो काढले, मागे वळले — अण्णा नाहीत.

आधी वाटलं, बाथरूमला गेले असतील. मग त्यांना फोन लावला, तो माझ्याच पर्समध्ये वाजला, तेव्हा मात्र वाट लागली. शेडमध्ये ओतकामाचा एक उघडा खड्डा होता, पुरुषभर खोल. मी आणि निकिताने मोबाईलच्या टॉर्चने आत बघितलं.

"ताई, इथे नाहीयेत. चला, भट्टीमागे बघू."

बघितलं. दोनदा. तिथे नुसती भिंत होती आणि कबुतरांची घाण.

मी धावत गेटवर गेले. वॉचमन म्हणाला, "कोणी बाहेर नाही गेलं मॅडम, मी इथेच आहे." तेवढ्यात, अण्णा दिसेनासे झाल्यापासून पंधरा मिनिटांनी, निकिताची हाक आली.

अण्णा भट्टीमागेच जमिनीवर बसले होते. आम्ही दोनदा बघितली त्याच जागी! त्या थंडीत शर्ट घामाने चिंब, चेहरा लालबुंद.

"अण्णा, कुठे होतात तुम्ही?"

"हयच होतंय. माका पाणी दी."

पाणी देताना दिसलं — उजव्या हातावर तीन ताजे फोड, आणि बाहीला तीन भोकं, कडा जळून काळ्या पडलेल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काका वेल्डिंग करतात का?" मी नाही म्हटलं. त्यांनी फक्त मलम लिहून दिलं.

घरी येऊन मी शर्ट भिंगाखाली धरला. एका भोकाच्या कडेला लोखंडाचा बारीक मणी चिकटला होता. कापडात अक्षरशः वितळून बसलेला. चुंबक जवळ नेला, तर तो कापडासकट ओढला गेला. माझा नवरा म्हणाला, जुन्या धुळीतला असेल. असेलही. पण गार धूळ टेरीकॉट कशी जाळेल?

संध्याकाळी मी अण्णांच्या हाताला मलम लावत होते. ते एकटक माझ्याकडे बघत होते.

"बरा झाला तू इलंस," ते म्हणाले. "हात धरून ओढलंस म्हणान वाचलंय. नायतर लोखंड तोंडारच उडला असता."

मी मान डोलावली. पण मी तर तेव्हा गेटवर, वॉचमनजवळ होते.

आता ती शेड पाडलीय. फोडही बरे झालेत. अण्णांना त्या दिवसातलं दुसरं काहीच आठवत नाही, आणि त्यांना खोदून विचारायची हिंमत माझ्यात नाही. त्यांना कोणी ओढलं, ते मला आजही माहीत नाही.